बसते ते उठते, पडते ते मोडते

‘कायदा मोडला’ म्हटले की गुन्हा घडला, पण कायदा होता तिथेच राहिला. ‘प्रथा मोडली’ म्हटले की प्रथाच संपली. क्रियापद तेच, काळही तोच, आणि अर्थ मात्र एकमेकांना पाठ दाखवून उभे. हा फरक मराठी माणसाला कोणी शिकवत नाही. कायद्याचा जीव कागदात असतो. हजार जणांनी मोडला तरी कागद शाबूत राहतो, म्हणून त्याला संपवायला दुसरा कागद लागतो. प्रथेला पाळणाऱ्यांच्या वागण्याबाहेर जागाच नसते. पाळणारे थांबले की तिच्याकडे उरायला काही नसते.

त्यामुळे कायदा आणि प्रथा या दोन्हींच्या शेवटाला पुरेल असे एकच क्रियापद मराठीने ठेवलेले नाही. रद्द करणे, उठवणे, मोडणे, बंद पाडणे, खालसा करणे, मोडीत काढणे, संपुष्टात आणणे, निरसन करणे, नष्ट करणे, उच्चाटन करणे अशी लांबलचक रांग आहे. यातले कोणते कुठे, हे बहुधा सुरुवातीचे क्रियापद ठरवते. कर बसवतात, म्हणून तो उठवतात. कायदा करतात, म्हणून तो रद्दही करावा लागतो. रूढी पडते, पायंडा पडतो; पाडणारा कोणी दिसत नाही, म्हणून रूढी मोडते किंवा बंद पडते. आणि वेठीला धरतात, म्हणून वेठीतून सुटतात.

हा नियम तपासायचा तर वसईपासून तलासरीपर्यंतचा पालघर जिल्हा चांगला. जिल्हा म्हणून तो १ ऑगस्ट २०१४ चा, पण त्याच्या भूमीवर कर, अंमल, संस्थान, बंदी, वेठ आणि अख्खी गावे संपवून झालेली आहेत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे क्रियापद आले आहे.

आधी बसणे-उठणे. जुन्या मराठीत ठाणे बसते आणि ठाणे उठते, अंमल बसतो आणि अंमल उठतो. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. बाजी भीवराव रेठरेकर तिथेच पडले. मे महिन्यात वसई पडली आणि या किनाऱ्यावरचा फिरंग्यांचा अंमल उठला. सत्ता म्हणजे बैठक, ही कल्पना या क्रियापदाच्या पोटात आहे, आणि ती एकट्या मराठीची नाही. ‘बरखास्त’ हा फारसी शब्द मुळात ‘उठला’ असेच सांगतो. दरबार बरखास्त झाला, म्हणजे बसलेले लोक उठले. आज विधानसभा बरखास्त होते तेव्हा आमदारांना आपण उठवून लावतो आहोत, हे बातमी लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

गावालाही हेच क्रियापद. गाव बसते, वसते, आणि उठते. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी जागा लागली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे हलवली गेली. कागदावर त्याला ‘पुनर्वसन’ म्हणतात. त्या शब्दात वसणे आहे, उठणे झाकलेले आहे. ‘गाव उठवले’ म्हटले की उठवणारा कोण, असा प्रश्न आपोआप येतो. ‘पुनर्वसन झाले’ म्हटले की येत नाही. सरकारी भाषेत शब्द निवडले जातात ते अशा बारीक सोयींसाठी.

बंदीचेही तसेच. बंदी घालतात आणि उठवतात. या किनाऱ्यावर ताडी-माडी हे भंडाऱ्यांचे पिढीजात काम. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर एकेका झाडावरच्या कराने त्यांना जेरीस आणले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर १९५० पासून राज्यभर दारूच बंद झाली. मग परवाने आले, बार आले. आता कोणालाही विचारा, दारूबंदी कधीच उठली, असेच सांगेल. पण तो कायदा रद्द झालेला नाही. तो आजही पुस्तकात आहे आणि पिण्याचा परवाना लागतो असेच सांगतो. उठणे आणि रद्द होणे यांत इतके अंतर पडू शकते: वागण्यातून बंदी उठून गेली, कागदावर ती बसूनच आहे.

‘रद्द’ हा तर कागदाचाच शब्द. अरबीत त्याचा अर्थ परतवणे, नाकारणे. त्याच कुळातली ‘रद्दी’, म्हणजे नाकारलेला कागद, दर रविवारी आपल्या दारातून किलोने जाते. ‘रद्दबातल’ मध्ये त्याच्या जोडीला ‘बातिल’, म्हणजे पोकळ, खोटे, हा दुसरा अरबी शब्द बसला. एकाच अर्थाचे दोन शब्द एकमेकांना बांधले की मराठी कानाला काम पक्के झाल्यासारखे वाटते. तरी रद्द झालेला कायदा लगेच मरतो असे नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे सहावे कलम सांगते की कायदा रद्द झाला तरी त्याच्या हयातीत उभे राहिलेले हक्क, देणी आणि शिक्षा साधारणपणे कायम राहतात. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ ला गेली, पण ३० जूनच्या चोरीला शिक्षा तिच्याच कलमाने होणार. अशा वेळी सरकारी मराठी ‘निरसन’ म्हणते. निर् आणि अस्, म्हणजे बाहेर फेकणे. एरवी आपण हा शब्द शंकेपुरता वापरतो. शंकांचे होते तेच कायद्यांचे होते, बाहेर फेकले तरी काही काळ ते दाराशी घुटमळतात.

राज्ये संपतात तेव्हा शब्द आणखी निराळे. अरबी ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. त्यावरून महसुलात ‘खालसा’ म्हणजे मधला जहागीरदार-इनामदार नसलेली, थेट सरकारची जमीन. मधला माणूस काढणे म्हणजे ‘खालसा करणे’, आणि मधला माणूस छत्रपती असला तरी शब्द तोच: १८४८ मध्ये डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, आजच्या पालघर जिल्ह्यातले जव्हार संस्थान मुंबई राज्यात गेले. यशवंतराव मुकणे हे शेवटचे राजे. या वेळी मात्र शब्द आला ‘विलीन’. मीठ पाण्यात विरघळावे तसा मऊ, कोणी काही हिसकावले नाही असे सांगणारा. जमाखर्चाच्या दृष्टीने दोन्हींत घडले ते सारखेच, मधला धनी गेला. खालसामध्ये तो काढला जातो आणि विलीनमध्ये तो स्वतः सही करतो, एवढाच फरक. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हा सहीलाही विचारले नाही.

आता वेठ. इथे थोडे थांबायला हवे, कारण या शब्दाला पालघरइतका हिशेब क्वचितच कुठे लागला असेल.

संस्कृतात ‘विष्टि’, प्राकृतात ‘विट्ठि’, मराठीत ‘वेठ’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि म्हणजे अंगमेहनतीने भरायचा कर. इसवी सन १५० च्या सुमाराच्या जुनागढच्या लेखात क्षत्रप राजा रुद्रदामन अभिमानाने सांगतो की सुदर्शन तलावाचा बांध त्याने प्रजेवर कर किंवा विष्टि न लादता बांधून काढला. ज्या गोष्टीची बढाई मारावी लागते ती इतरत्र सर्रास चालू असते, हे वेगळे सांगायला नको. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला सर्व विष्टींचा ‘परिहार’ मिळतो. परिहार म्हणजे बाजूला सारणे, वगळणे. राजा वेठ संपवत नाही, एका गावापुरती वगळतो. पुढे याच जागी ‘माफ’ हा अरबी शब्द आला आणि माफीतही खोच तीच राहिली: ज्याला माफ झाले तो सुटला, नियम मात्र उरलेल्यांच्या मानेवर होता तसाच.

या किनाऱ्याचा सर्वांत जुना परिहार मात्र वेठीचा नाही, नदी ओलांडण्याचा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आपली दाने मोजतो. त्यात इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावांनी ‘पुण्यतर’ केल्याचे तो सांगतो. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. कोकणात होडीने पार नेण्याच्या जागेला अजून ‘तर’ म्हणतात. पुण्यतर म्हणजे उतारूकडून पैसे न घेणारी तर. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी डहाणूला नावेचे भाडे बंद झाले होते, पण लेखात ‘बंद केले’ असे क्रियापद नाही. तारापूरशेजारच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटात हाच प्रसंग पुन्हा येतो. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र, शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. संजाण प्रांताचा कारभारी एक अरब आहे. त्याचे नाव महंमद, ताम्रपटाच्या संस्कृतात ‘मधुमती’. तोही दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवतो आणि वाटसरूंसाठी भात, कालवण, तूप वाढणारे अन्नछत्र घालतो. दोन्ही लेखांत भाडे ‘उठवलेले’ नाही. दुसऱ्या कोणी ते भरलेले आहे. पुण्याच्या भाषेत बोजा नाहीसा होत नाही, तो दात्याच्या खांद्यावर जातो आणि दात्याचे नाव दगडावर.

वेठीला असा दाता मिळाला नाही. तिच्या जोडीला फारसीतला ‘बेगार’ मात्र आला आणि ‘वेठबेगार’, ‘वेठबिगार’ असा जोडशब्द झाला. रद्दबातलसारखाच, एकाच अर्थाचे दोन शब्द एका जुवाला. तेव्हाच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारली आदिवासींना त्याचा अर्थ पाठ होता: जमीनदाराच्या शेतावर, घरावर, गाडीवर फुकट राबायचे, आणि सरकारी अंमलदार आला की त्याचेही ओझे वाहायचे. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा ‘लग्नगडी’ व्हायचा. कर्ज फिटेपर्यंत राबायचे, आणि हिशेब सावकाराच्या हाती असल्यामुळे ते फिटायचेच नाही. नवऱ्याबरोबर बायकोही त्याच घरात राबायची. वेठीला धरणे या शब्दप्रयोगातले ‘धरणे’ इथे अलंकारिक नव्हते.

आणि कायदा? तो होता. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू होती आणि तिच्या ३७४ व्या कलमाप्रमाणे एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबवणे हा गुन्हा होता. म्हणजे वेठ घेणारा जमीनदार ऐंशीहून अधिक वर्षे रोज कायदा मोडत होता. कायदा मोडल्याने कायदा संपत नाही, हे खरे. पण इथे त्याची दुसरी बाजूही दिसते: कायदा शाबूत असल्याने प्रथाही मोडत नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे गेलेल्या वारल्यांनी सभेचे काम करणाऱ्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांना आपल्याकडे बोलावले आणि २३ मे १९४५ ला झरी गावी वारल्यांची परिषद भरली. ठरले ते एवढेच की वेठ करायची नाही आणि मजुरीशिवाय काम करायचे नाही. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या. कलमे त्यांना ठाऊक असणार, पण वेठ मोडली ती कलमाने नाही. ती गावोगावच्या नकाराने मोडली. पुढच्या काही महिन्यांत लग्नगडीही सोडवले गेले. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला आणि १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती ठार झाले. गोदावरीबाईंनी ही सगळी हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० मध्ये निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या नावातही कर्ता माणूस आहे आणि क्रियापद अकर्मक आहे, हे शब्दांच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे.

मराठीत ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ ही जोडी आहे. सोडणारा वरचा, सुटणारा खालचा. परिहार आणि माफी सोडणाऱ्याच्या बाजूने बोलतात. १९४५ मध्ये जमीनदाराने वेठ सोडली नाही, वारली वेठीतून सुटला. ‘मोडणे’ दोन्हीकडे चालते: वारल्यांनी वेठ मोडली, आणि वेठ मोडली. प्राकृत ‘मोडइ’पासून आलेले हे क्रियापद मराठीत करारमदाराचे आहे. सोयरीक मोडते, भागीदारी मोडते, ठेव मोडते. कित्येक जातीजमातींत नवराबायकोने काडी मोडून वेगळे व्हायचे, त्यावरून ‘काडीमोड’. दोघांनी धरल्यामुळे टिकलेली गोष्ट एकाने हात काढला की मोडते. वेठीचा अर्धा भाग जमीनदाराच्या जरबेत होता, अर्धा वारल्याच्या पाठीत. पाठ सरळ झाली आणि वेठ मोडली.

मग कागद आला. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगारीला ‘मनाई’ केली. त्याआधीच्या १७ व्या अनुच्छेदात अस्पृश्यतेसाठी मराठी पाठाने शब्द घेतला ‘नष्ट’, आणि काळ घेतला पूर्ण झालेला: ‘नष्ट करण्यात आली आहे’. हिंदी पाठ ‘अंत किया जाता है’ एवढ्यावर थांबतो, म्हणजे आत्ता करतो आहोत. मराठीत काम उरकलेले आहे. करणारा दोन्हींत नाही. ‘-ण्यात येणे’ हा सरकारी मराठीचा आवडता प्रयोग कर्त्याला पडद्याआड ठेवतो. पण घटनाकारांना कागदाची मर्यादा ठाऊक होती, म्हणून त्याच वाक्यात अस्पृश्यतेच्या आचरणालाही बंदी घातली. नष्ट झालेल्या गोष्टीचे आचरण कोण करील, असा तर्क चालवला तर ते वाक्य विचित्र ठरते. गावकुसाकडे बघून वाचले तर त्यातला एक शब्द काढता येत नाही.

वेठबिगार पद्धती संपवणारा स्वतंत्र कायदा १९७६ चा. झरीच्या परिषदेनंतर एकतीस वर्षांनी. पण तो उशिरा आला म्हणून निरुपयोगी ठरला असे नाही. त्याने बिगारीच्या मुळाशी असलेले कर्जच संपवले आणि सुटलेल्या माणसाच्या हातात मुक्ततेचा दाखला दिला. वसई तालुक्यात विवेक पंडितांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती याच कायद्याचा आधार घेऊन. म्हणजे १९४५ ची वेठ सगळी गेलेली नव्हती. वीटभट्टीत, शेतघरात ती नव्या उचलीच्या रूपात धरून होती. आधी वागण्यात मोडलेली गोष्ट कागदाने पक्की केली नाही, तर ती दुसऱ्या नावाने परत पडते.

मराठीत या कायद्याचा उल्लेख करताना ‘उच्चाटन’ हा शब्द रूढ आहे. हिंदीत अधिकृत शब्द ‘उत्सादन’. उच्चाटनाचे मूळ घर कायद्यात नाही, मंत्रतंत्रात आहे. तांत्रिकांच्या षट्कर्मांत शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण आणि मारण यांच्या पंगतीला उच्चाटन बसते. शत्रूचे मन उडवून त्याला जागेवरून पळवून लावण्याचा हा प्रयोग. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तेव्हा त्याच्या लांबलचक नावात ‘समूळ उच्चाटन’ हेच शब्द आले. जादूटोण्याला हाकलायला जादूटोण्याचाच प्रयोग कामी आला! भाषेची गंमत म्हणून हे सोडून देता येईल, पण शब्दाने आपले जुने वळण सोडलेले नाही. उच्चाटन मारत नाही, हुसकावते. हुसकावलेले दुसरीकडे जाऊन बसू शकते. त्या मानाने ‘निर्मूलन’ प्रामाणिक, मूळ उपटल्याचे तरी सांगते. ‘संपुष्टात आणणे’ आणखी सौम्य: संपुष्ट म्हणजे देव ठेवण्याची झाकणाची डबी. तिच्यात घालून झाकण लावले, एवढेच. बक्षीस, पदवी, करार, मुदत यांना हा शब्द शोभतो. वेठीला शोभणार नाही.

मोडलेल्या प्रथांची नावे मात्र भाषेतून जात नाहीत, आणि गेली नाहीत की ती धंदा बदलतात. पाटीलकीचा वंशपरंपरागत महसुली हुद्दा १९६२ च्या कायद्याने गेला. आडनाव म्हणून पाटील किनाऱ्यावर गावोगाव आहेत. जकात गेली, जकातनाक्याचा थांबा राहिला. बोईसरच्या बांधकामांवर ‘मिस्त्री’ आणि ‘बिगारी’ असे दोन हुद्दे असतात, आणि बिगारी संध्याकाळी रोख मजुरी घेऊन जातो. फुकट राबणाऱ्याचे नाव पैसे घेऊन राबणाऱ्याला चिकटले, हा बदल चांगलाच म्हणायचा. पण ‘वेठीस धरणे’ उलट्या बाजूला गेले. आज वर्तमानपत्रात हा शब्दप्रयोग दिसतो तो बहुधा संपाच्या बातमीत: कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले, शेतकऱ्यांनी शहराला वेठीस धरले. वेठ म्हणजे मजुरीशिवाय राबवणे. मजुरीसाठी काम थांबवणाऱ्यावर तोच शब्द उगारला जातो. तलवाड्याच्या संपाची बातमी आजच्या मराठीत लिहिली असती, तर जमीनदारांचे गवत वेठीस धरल्याचा आरोप वारल्यांवर आला असता.

म्हणून लिहिणाऱ्याने क्रियापद निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. संपलेली गोष्ट कागदात होती की वागण्यात, आणि संपवणारा कोण. २०२१ मध्ये तीन शेती कायदे गेले तेव्हा सरकारने ते ‘मागे घेतले’ आणि शेतकऱ्यांनी ते ‘मागे घ्यायला लावले’; दोन्ही वाक्ये खरी, कर्ता वेगळा. कायदा असेल तर रद्द किंवा निरसित लिहावे, कर किंवा बंदी असेल तर उठवली, वतन असेल तर खालसा. प्रथेला ‘रद्द’ लावू नये, कारण प्रथेचा कागद नसतो. तिच्यासाठी मोडणे आणि बंद पाडणे ही देशी क्रियापदे पुरेशी आहेत, आणि त्यांना कर्ता जोडता येतो हा त्यांचा मोठा गुण. ‘नष्ट’ मात्र जपून. दूध नासले म्हणतो तेव्हा आपण याच नश् धातूचे घरगुती रूप वापरतो, आणि ते चाखून किंवा बघूनच म्हणतो. सरकारी अधिसूचना वाचून प्रथा नष्ट झाल्याची बातमी देणाऱ्याने तेवढी तरी तसदी घ्यावी.